युनिक्स सर्व्हरवरच्या फायली लिनक्स, मॅक आणि विंडोज पीसीवर: एनएफएस, साम्बा आणि एसएसएचएफएसची सविस्तर जोडणी

ऑफिसात किंवा कॉलेजच्या विभागात एक लिनक्स सर्व्हर असतो. प्रकल्पाच्या सगळ्या फायली त्यावर असतात आणि भोवती पाच-दहा पीसी: काही विंडोज, एखादा मॅक, काही उबुंटू. प्रत्येकाला ते फोल्डर आपल्या स्वतःच्या डिस्कसारखं उघडायला हवं असतं. याबद्दलचे बहुतेक लेख थेट माउंटच्या, म्हणजे दूरचं फोल्डर आपल्या पीसीवर जोडण्याच्या, आज्ञेपासून सुरू होतात. ती आज्ञा चालते, फोल्डर दिसतो, आणि खरा त्रास त्यानंतर सुरू होतो. फाइल उघडते पण सेव्ह होत नाही. एकाने बनवलेली फाइल दुसऱ्याला पुसता येत नाही. मग कोणीतरी वैतागून सगळ्या फोल्डरला ७७७ परवानगी (कोणीही वाचा, लिहा, पुसा) देऊन टाकतं आणि त्या दिवसापासून कोण काय बदलतंय याला धरबंध राहत नाही.

या सगळ्याचं मूळ एकच आहे. एनएफएस, म्हणजे नेटवर्कवरून फायली वाटायचा युनिक्सचा प्रोटोकॉल, माणसाला नावाने ओळखत नाही, आकड्याने ओळखतो. ते आकडे आधी जुळवले तर पुढचं काम सोपं आहे, म्हणून या लेखात माउंट थोडं उशिरा येईल.

एक सूचना आधीच देतो. आज्ञा आणि फायलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि इंग्रजी अंकांतच टाइप करायची. उदाहरणातल्या सर्व्हरचं नाव भांडार, त्याचा पत्ता १९२.१६८.१.१० आणि वाटायचं फोल्डर /एसआरव्ही/प्रकल्प असं धरलं आहे.

एनएफएस असा का वागतो

सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ साली एनएफएस आणला. तेव्हाची मांडणी डोळ्यासमोर आणा: एका संस्थेतली सगळी वर्कस्टेशन्स एकाच व्यवस्थापकाच्या ताब्यात, प्रत्येक यंत्रावर वापरकर्त्याचा क्रमांक तोच, आणि रूट, म्हणजे सर्वोच्च, अधिकार फक्त त्या व्यवस्थापकाकडे. अशा ठिकाणी वर्कस्टेशनने सर्व्हरला 'ही विनंती क्रमांक १००० च्या माणसाची आहे' असं सांगितलं, तर शंका घ्यायचं कारण नव्हतं. तो विश्वास प्रोटोकॉलमध्येच बसला.

पीसीची अडचण इथूनच सुरू झाली. डॉसवर वापरकर्ता क्रमांक नावाचा प्रकारच नव्हता. म्हणून सनच्या पीसी-एनएफएससोबत सर्व्हरवर पीसीएनएफएसडी नावाची वेगळी सेवा चालवावी लागे. पीसीकडून नाव आणि पासवर्ड घ्यायचा, तपासायचा आणि त्या माणसाचा युनिक्स क्रमांक परत पाठवायचा, हे तिचं काम. आज विंडोजवर एनएफएस जोडताना जी ओढाताण होते, ती याच प्रश्नाची पुढची पिढी आहे.

तिसरी आवृत्ती १९९५ ची. चौथीचा मसुदा २००० साली आला आणि २००३ मध्ये सुधारला गेला, ४.१ आली २०१० मध्ये आणि ४.२ २०१६ मध्ये. कामापुरता फरक एवढाच लक्षात ठेवा: चौथी आवृत्ती २०४९ या एकाच पोर्टवर चालते. तिसरीला त्याखेरीज १११ पोर्टवरची आरपीसीबाइंड आणि माउंटडी या सेवा लागतात, आणि फायरवॉल लावताना त्या हमखास आड येतात. लिनक्स पीसीवर चौथीच वापरा. विंडोजमधला एनएफएस क्लायंट मात्र तिसरीच्या पुढे गेलेला नाही.

पहिली पायरी: आकडे जुळवा

प्रत्येक लिनक्स आणि मॅक पीसीवर टर्मिनल उघडा आणि नुसतं हे टाइप करा:

आयडी

उत्तरात यूआयडी (वापरकर्त्याचा क्रमांक), जीआयडी (गटाचा क्रमांक) आणि गटांची यादी येते. उबुंटू किंवा फेडोरा बसवताना बनलेल्या पहिल्या वापरकर्त्याचा क्रमांक १००० असतो. मॅकवर तो ५०१ असतो. पेच इथेच आहे. समजा सईचा उबुंटू पीसी आहे आणि माधवचा दुसरा. दोघांनी आपापला पीसी स्वतः बसवला, म्हणून दोघेही आपापल्या यंत्रावर १०००. सर्व्हरच्या नजरेत सई आणि माधव एकच व्यक्ती. सईच्या खासगी फोल्डरला तिने कितीही बंदोबस्त केला, तरी माधव ते सहज उघडेल. उलट मॅकवरची तिसरी व्यक्ती ५०१ म्हणून येईल, सर्व्हरवर त्या क्रमांकाचं कोणीच नसेल आणि तिला स्वतःच्याच फायली परक्या वाटतील.

डोळ्यांनी पाहायचं असेल तर सर्व्हरवर हे चालवा:

एलएस -एलएन /एसआरव्ही/प्रकल्प

शेवटचा एन महत्त्वाचा, त्यामुळे नावांऐवजी मूळ क्रमांक दिसतात. मालकाच्या रकान्यात १०००, ५०१, ६५५३४ अशी सरमिसळ दिसली तर आकडे जुळलेले नाहीत. ६५५३४ म्हणजे 'नोबडी', म्हणजे ज्याची ओळख सर्व्हरने काढून घेतली असा कोणीतरी.

जुळवायचे दोन मार्ग आहेत. माणसं थोडी आणि कायमची असतील तर एक तक्ता करा: सई १००१, माधव १००२, पुढे तसंच. तेच क्रमांक सर्व्हरवर आणि प्रत्येक पीसीवर द्या. लिनक्सवर क्रमांक बदलायला (सुडो म्हणजे पुढची आज्ञा रूट अधिकाराने चालवणं):

सुडो यूझरमॉड -यू १००१ सई

त्या वेळी सईने लॉग-इन केलेलं नसावं. तिच्या होम फोल्डरमधल्या फायलींचा मालक ही आज्ञाच बदलते, बाहेरच्या फायली चाउन (मालक बदलायची आज्ञा) वापरून आपल्याला बदलाव्या लागतात. मॅकवर मात्र क्रमांक बदलण्याच्या भानगडीत पडू नका. त्या मॅकच्या वापरकर्त्याला सर्व्हरवरच ५०१ क्रमांक देणं जास्त सोपं आणि सुरक्षित आहे. मॅक एकाहून अधिक असतील तर मात्र ही सोय पुरत नाही, कारण सगळेच ५०१ निघतील. तिथे मॅकना साम्बावरून जोडा, ते पुढे येतंच.

दुसरा मार्ग सामायिक फोल्डरसाठी: कोणीही लिहिलं तरी सर्व्हरवर ते एकाच ठरावीक वापरकर्त्याच्या नावे जमा होतं. छोट्या ऑफिसात, जिथे सगळ्यांना सगळं उघडं असायला हरकत नाही, तिथे मी हाच मार्ग सुचवेन. त्यात कोणी काय लिहिलं हे कळत नाही, हे मात्र आधी मान्य करून घ्या.

वेगवेगळे क्रमांक ठेवणार असाल तर एक सामायिक गट हवाच. सर्व्हरवर:

सुडो ग्रुपॲड -जी १५०० प्रकल्प
सुडो यूझरमॉड -एजी प्रकल्प सई
सुडो सीएचजीआरपी -आर प्रकल्प /एसआरव्ही/प्रकल्प
सुडो सीएचमॉड २७७५ /एसआरव्ही/प्रकल्प

इथे टाइप करताना एक भेद पाळायचा. ग्रुपॲडमधला जी लहान आहे. दुसऱ्या आज्ञेतला ए लहान आणि जी मोठा, आणि सीएचजीआरपीचा आर मोठा. २७७५ मधला पहिला २ फार कामाचा आहे: त्यामुळे आत बनणारी प्रत्येक नवी फाइल आपोआप 'प्रकल्प' गटाची होते. आत आधीपासून फोल्डर असतील तर त्यांनाही हीच परवानगी द्या. पीसीवर उमास्क, म्हणजे नव्या फायलीतून कोणत्या परवानग्या वगळायच्या ते ठरवणारा आकडा, ००२ ठेवला की गटातल्या इतरांना त्या फायलीत लिहिता येतं. हे दोन्ही केल्यावर 'मी बनवलेली फाइल तिला पुसता येत नाही' ही तक्रार येत नाही. हा गट पीसीवरही त्याच १५०० क्रमांकाने बनवा.

चौथ्या आवृत्तीत मालकाचं नाव अक्षरांत पाठवायची सोय आहे, म्हणून आता क्रमांक जुळवायची गरज नाही असं काही जण सांगतात. ते खरं नाही. नेहमीच्या सेक=सिस पद्धतीत, म्हणजे पीसी सांगेल तो क्रमांक मानायच्या पद्धतीत, परवानगीचा निर्णय आकड्यावरच होतो. याच पद्धतीत एका विनंतीसोबत १६ च गट पाठवता येतात. एखाद्या माणसाला सतराव्या गटाची परवानगी का लागू होत नाही याचं कोडं पडलं, तर उत्तर हे आहे. सर्व्हरवर माउंटडीला मॅनेज-जीआयडीज हा पर्याय दिला की सर्व्हर स्वतःच्या यादीतून गट शोधतो आणि अडचण सुटते.

दुसरी पायरी: सर्व्हरवर फोल्डर वाटा

डेबियन किंवा उबुंटू सर्व्हरवर:

सुडो ॲप्ट इन्स्टॉल एनएफएस-कर्नल-सर्व्हर

फेडोरा आणि रेडहॅटच्या घराण्यात पॅकेजचं नाव एनएफएस-यूटिल्स. मग /ईटीसी/एक्स्पोर्ट्स या फायलीत एक ओळ:

/एसआरव्ही/प्रकल्प १९२.१६८.१.०/२४(आरडब्ल्यू,सिंक,नो_सबट्री_चेक)

या ओळीत पत्ता आणि कंस यांच्यामध्ये मोकळी जागा सोडायची नाही. ती सोडली तर अर्थच पालटतो: तुमच्या नेटवर्कला नुसत्या मूलभूत परवानग्या मिळतात आणि कंसातली लिहिण्याची परवानगी उरलेल्या साऱ्या जगाला मिळते. चूक दाखवणारा ठळक संदेश येत नाही, फोल्डर जोडलाही जातो, म्हणून ही ओळ लिहिल्यावर डोळ्यात तेल घालून एकदा वाचा.

सगळ्यांना एकाच नावाखाली आणायचं असेल तर कंसात ऑल_स्क्वॉश,अनॉनयूआयडी=१०००,अनॉनजीआयडी=१५०० हे वाढवा. रूटबद्दल वेगळं काही लिहायची गरज नाही. पीसीवरचा रूट सर्व्हरवर आपोआप नोबडी होतो, आणि ते तसंच राहू द्या. नो_रूट_स्क्वॉश लावून बघ असा सल्ला कुठे वाचलात तर तो बाजूला ठेवा. त्यामुळे कोणत्याही लॅपटॉपचा मालक तुमच्या सर्व्हरवरच्या त्या फोल्डरचा राजा होतो.

बदल लागू करायला आणि नीट लागू झाले का पाहायला:

सुडो एक्स्पोर्टएफएस -आरए
सुडो एक्स्पोर्टएफएस -व्ही

दुसऱ्या आज्ञेचं उत्तर वाचायची सवय लावून घ्या. आपण काय लिहिलं त्यापेक्षा सर्व्हरला काय समजलं ते तिथे दिसतं. फायरवॉलमध्ये २०४९ हा टीसीपी पोर्ट फक्त स्थानिक नेटवर्कसाठी उघडा. विंडोजसारखा तिसऱ्या आवृत्तीने जोडणारा पीसी असेल तर आरपीसीबाइंड आणि माउंटडीचे पोर्टही तसेच उघडावे लागतील.

लिनक्स पीसी

इथे काम सर्वांत सरळ आहे. पीसीवर एनएफएस-कॉमन हे पॅकेज बसवा (फेडोरावर पुन्हा एनएफएस-यूटिल्स), एक रिकामं फोल्डर बनवा आणि हाताने जोडून पाहा:

सुडो एमकेडीआयआर -पी /एमएनटी/प्रकल्प
सुडो माउंट -टी एनएफएस भांडार:/एसआरव्ही/प्रकल्प /एमएनटी/प्रकल्प

आवृत्ती सांगायची गरज नाही, दोन्ही बाजूंना जमेल ती सर्वांत वरची आपोआप ठरते. काय ठरलं ते एनएफएसस्टॅट -एम या आज्ञेने दिसतं. आता आत एक फाइल बनवा, एलएस -एलएनने तिचा मालक-गट तपासा, दुसऱ्या पीसीवरून ती बदला आणि पुसा. हे चारही जमलं तरच पुढे जा. काढायची आज्ञा यूमाउंट. तिच्यात यूनंतर एन नसतो.

कायमच्या जोडणीसाठी /ईटीसी/एफएसटॅबमध्ये ही ओळ:

भांडार:/एसआरव्ही/प्रकल्प /एमएनटी/प्रकल्प एनएफएस आरडब्ल्यू,नोफेल,_नेटडेव्ह,एक्स-सिस्टिमडी.ऑटोमाउंट ० ०

नोफेल असल्याने सर्व्हर बंद असतानाही पीसी सुरू होतो. ऑटोमाउंटमुळे सुरू होतानाच सर्व्हरची वाट पाहत बसावं लागत नाही, फोल्डर पहिल्यांदा उघडल्यावर जोडणी होते. वाय-फायवरच्या लॅपटॉपसाठी तर हा पर्याय फारच उपयोगी, कारण पीसी सुरू होतो तेव्हा नेटवर्क अजून आलेलं नसतं.

आता हार्ड आणि सॉफ्टचा प्रश्न. काहीही न लिहिता जोडणी हार्ड असते, म्हणजे सर्व्हर गायब झाला तर पीसी तो परत येईपर्यंत विचारत राहतो आणि तोवर ते फोल्डर वापरणारा प्रोग्राम गोठतो. डिस्कवरची मोकळी जागा दाखवणारी डीएफ ही साधी आज्ञासुद्धा अडकून पडते. या त्रासावर सॉफ्ट लिहा असा उपाय सांगितला जातो. लिहिण्याच्या फोल्डरवर तो कधीही करू नका. सॉफ्टमध्ये काही वेळाने पीसी हार मानतो आणि प्रोग्रामला चूक कळवतो. कितीतरी प्रोग्राम ती चूक नीट तपासत नाहीत, आणि अर्धवट लिहिलेली फाइल पूर्ण समजून पुढे जातात. गोठलेला पीसी सर्व्हर आला की जिवंत होतो, बिघडलेली फाइल तशीच राहते. फक्त वाचायच्या फोल्डरला सॉफ्ट चालेल. अगदीच अडकलात तर यूमाउंट -एल ही आज्ञा फोल्डर तात्पुरतं बाजूला करते.

आरसाइझ आणि डब्ल्यूसाइझला (एका वेळी किती डेटा वाचायचा आणि लिहायचा) ८१९२ लिहा असं जुन्या लेखांत आढळतं. आज ते लिहिलंत तर वेग कमीच होईल. हे आकडे पीसी आणि सर्व्हर आपसात ठरवतात आणि ते सहसा १ एमबीपर्यंत जातात.

मॅक

फाइंडरमध्ये कमांड आणि के दाबा आणि पत्ता लिहा:

एनएफएस://भांडार/एसआरव्ही/प्रकल्प

बऱ्याचदा इथेच नकार मिळतो आणि कारण कळत नाही. लिनक्सचा एनएफएस सर्व्हर मुळात १०२४ च्या खालच्या पोर्टवरून आलेल्या विनंत्याच स्वीकारतो, आणि मॅक त्याच्या वरचा पोर्ट वापरतो. मॅकच्या टर्मिनलवरून जोडत असाल तर हे लिहा:

सुडो माउंट -टी एनएफएस -ओ रेझव्हपोर्ट भांडार:/एसआरव्ही/प्रकल्प /प्रायव्हेट/प्रकल्प

या आज्ञेआधी मॅकवर ते रिकामं फोल्डर बनवलेलं असावं. फाइंडरमधूनच जोडायचं असेल तर सर्व्हरच्या एक्स्पोर्ट्समध्ये कंसात इनसिक्युअर हा शब्द वाढवा. शब्द भीतिदायक असला तरी आजच्या काळात खालच्या पोर्टमुळे मिळणारं संरक्षण नाममात्र आहे. ज्याच्याकडे स्वतःच्या लॅपटॉपचा रूट अधिकार आहे त्याला खालचा पोर्ट सहज मिळतो.

मॅक त्या फोल्डरमध्ये .डीएस_स्टोअर आणि टिंब-अंडरस्कोरने सुरू होणाऱ्या फायली सोडतो. त्यात मॅकची जादा माहिती असते. इतरांना त्या कचरा वाटतात, पण मॅकवाल्याला विचारल्याशिवाय पुसू नका.

मराठीत फायलींना नावं देणाऱ्यांनी मॅकबाबत आणखी एक गोष्ट पाहावी. 'दऱ्या', 'पायऱ्या', 'नोकऱ्या' यांतला ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतो: एक अखंड अक्षर म्हणून, किंवा र आणि नुक्ता अशी जोडी म्हणून. लिनक्सला हे दोन वेगवेगळे बाइट दिसतात, म्हणजे दोन वेगळी नावं. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस डिस्कवर नावं फोडून साठवली जात. तिथून सर्व्हरवर आलेली 'पायऱ्या' नावाची फाइल आणि विंडोजवरून आलेली 'पायऱ्या' शेजारी शेजारी दिसतात, डोळ्यांना तंतोतंत सारखी, आणि शोधताना एकच सापडते. मॅकवर माउंट करताना -ओ नंतर एनएफसी हा पर्याय दिल्यास नावं अखंड रूपात सर्व्हरला पाठवली जातात. मोठा मराठी संग्रह मॅकवरून हलवणार असाल तर हा पर्याय आधीपासूनच ठेवा.

विंडोज: एनएफएस क्लायंट

विंडोज १० आणि ११ च्या प्रो, एंटरप्राइझ आणि एज्युकेशन आवृत्त्यांत एनएफएस क्लायंट मिळतो. होम आवृत्तीत नाही, तिथे सरळ पुढच्या भागातला साम्बा वापरा.

स्टार्ट मेनूमध्ये 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ' शोधा, त्यात सर्व्हिसेस फॉर एनएफएसखाली क्लायंट फॉर एनएफएसवर खूण करा. मग कमांड प्रॉम्प्ट उघडा. पॉवरशेल उघडू नका, तिथे माउंट या शब्दाला वेगळाच अर्थ जोडलेला आहे आणि येणाऱ्या चुकीवरून काहीच उमगत नाही. प्रॉम्प्ट 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'ने उघडायचाही नाही, कारण तिथे जोडलेला ड्राइव्ह नेहमीच्या एक्स्प्लोररमध्ये दिसत नाही. आज्ञा अशी:

माउंट -ओ अनॉन \\भांडार\एसआरव्ही\प्रकल्प झेड:

झेड ड्राइव्ह येतो, फायली दिसतात, पण लिहिता येत नाही. विंडोजकडे युनिक्सचा क्रमांक नसल्याने तो उणे २ असा क्रमांक पाठवतो, म्हणजे व्यवहारात नोबडीच. नुसतं माउंट टाइप केलंत तर जोडलेल्या ड्राइव्हसमोर यूआयडी=-२ असं दिसेलही.

सर्व्हरवर ऑल_स्क्वॉश लावलं असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर रजिस्ट्री एडिटरमध्ये एचकेईवाय_लोकल_मशीनखाली सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, क्लायंटफॉरएनएफएस, करंटव्हर्जन, डिफॉल्ट असं जा. तिथे ॲनॉनिमसयूआयडी आणि ॲनॉनिमसजीआयडी या नावांची दोन ३२ बिटांची डीवर्ड मूल्यं बनवा आणि दशमान पद्धतीत १००१ व १५०० भरा. पीसी पुन्हा सुरू करा. आता त्या पीसीवर जो कोणी बसेल तो सर्व्हरवर १००१ म्हणून ओळखला जाईल. सामायिक पीसीवर हे करू नये, ते यामुळेच.

नंतर येते अक्षरांची अडचण. हा क्लायंट फायलींची नावं युनिकोडमध्ये न वाचता विंडोजच्या जुन्या कोडपेजमधून, म्हणजे भाषेगणिक वेगळ्या अक्षरतक्त्यातून, वाचतो. त्यामुळे 'अहवाल' नावाची फाइल अगम्य चिन्हांच्या रांगेसारखी दिसते. रिजन सेटिंग्जच्या ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टॅबमध्ये 'यूज युनिकोड यूटीएफ-८ फॉर वर्ल्डवाइड लँग्वेज सपोर्ट' ही बीटा खूण केली की नावं नीट दिसतात, पण ही खूण साऱ्या विंडोजला लागू होते. जुन्या मराठी फॉन्टवर चालणारे किंवा हिशेबाचे जुने प्रोग्राम त्याने बिघडू शकतात. ज्या ऑफिसात फायलींची नावं मराठीत आहेत, तिथे विंडोजवर एनएफएस वापरूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

विंडोजसाठी योग्य वाट: साम्बा

साम्बा हा युनिक्स सर्व्हरला विंडोजची भाषा बोलायला लावणारा प्रकल्प. ऑस्ट्रेलियात कॅनबेराला अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तो सुरू केला. इथे माणूस नाव आणि पासवर्ड देऊन येतो, क्रमांकाशी जुळणी सर्व्हर स्वतः करतो, आणि देवनागरी नावं जशीच्या तशी दिसतात. पीसीवर काहीही बसवावं लागत नाही.

सर्व्हरवर साम्बा हे पॅकेज बसवा. /ईटीसी/साम्बा/एसएमबी.कॉन्फ फायलीच्या शेवटी:

[प्रकल्प]
पाथ = /एसआरव्ही/प्रकल्प
व्हॅलिड यूझर्स = @प्रकल्प
रीड ओन्ली = नो
फोर्स ग्रुप = प्रकल्प
क्रिएट मास्क = ०६६४
डिरेक्टरी मास्क = २७७५

साम्बाचा पासवर्ड लिनक्सच्या पासवर्डपेक्षा वेगळा साठवला जातो, तो प्रत्येकासाठी द्यावा लागतो. फाइल बरोबर आहे का हे टेस्टपार्म सांगतो:

सुडो एसएमबीपासडब्ल्यूडी -ए सई
टेस्टपार्म
सुडो सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट एसएमबीडी

फायरवॉलमध्ये ४४५ पोर्ट, पुन्हा फक्त स्थानिक नेटवर्कला. विंडोजवर धिस पीसीमध्ये मॅप नेटवर्क ड्राइव्ह निवडा, \\भांडार\प्रकल्प लिहा, 'कनेक्ट यूझिंग डिफरंट क्रेडेन्शियल्स'वर खूण करा आणि सईचं नाव-पासवर्ड द्या.

दोन ठिकाणी लोक अडकतात. विंडोज एका सर्व्हरशी एका वेळी एकाच वापरकर्त्याच्या नावाने बोलतो, त्यामुळे आधी दुसऱ्या नावाने जोडणी असेल तर १२१९ ही चूक येते. नेट यूझ या आज्ञेने जुन्या जोडण्या पाहा, नेट यूझ * /डिलीटने त्या तोडा आणि नव्याने जोडा. दुसरं, पासवर्डाशिवायचा पाहुणा प्रवेश नव्या विंडोजमध्ये बंद होत गेला आहे. तो सुरू करायच्या युक्त्या शोधण्यापेक्षा प्रत्येकाला पासवर्ड द्या. एखादं जुनं यंत्र एसएमबी १ (साम्बा बोलतो त्या विंडोजच्या भाषेची जुनी आवृत्ती) मागत असेल तर त्यासाठी सगळ्या ऑफिसाचं दार उघडू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्रायने जगभर जो हाहाकार केला तो याच जुन्या आवृत्तीतल्या छिद्रातून.

तेच फोल्डर लिनक्सवाल्यांना एनएफएसने आणि विंडोजवाल्यांना साम्बाने देता येतं, बहुतेक ठिकाणी मी हीच मांडणी करेन. तेव्हा त्या शेअरच्या भागात ऑपलॉक्स = नो लिहा. नाहीतर विंडोज पीसी फाइल आपल्याकडे धरून ठेवतो आणि एनएफएसवरून झालेला बदल त्याला कळत नाही. थोडा वेग जातो, तो जाऊ द्या. एकच एक्सेल फाइल दोन्हीकडून एकाच वेळी उघडून बदलणं मात्र टाळाच.

नावांबाबत सगळ्यांनी एक शिस्त पाळावी. विंडोजला नावात कोलन, प्रश्नचिन्ह, तारांकन चालत नाही, शेवटी टिंब चालत नाही, आणि लहान-मोठ्या अक्षरांचा भेद तो मानत नाही. लिनक्सवर बनवलेली 'बैठक १०:३०' ही फाइल विंडोजवर त्या नावाने दिसणार नाही.

घरून किंवा बाहेरगावाहून

एनएफएस आणि साम्बाचे पोर्ट इंटरनेटवर कधीही उघडे टाकू नका. सेक=सिस पद्धतीत ओळख म्हणजे समोरच्याने सांगितलेला आकडा, आणि डेटा तारेवरून उघडा जातो. कर्बेरॉस ही ओळख पटवणारी यंत्रणा लावल्यास सेक=केआरबी५पी पर्यायाने ओळखही पक्की होते आणि मजकूरही बंद लिफाफ्यात जातो, पण त्यासाठी वेगळा सर्व्हर सांभाळायला माणूस लागतो. छोट्या जागी वायरगार्डसारखा व्हीपीएन (इंटरनेटवरून ऑफिसपर्यंतचा बंद बोगदा) लावून आतून साम्बा वापरणं बरं.

एक-दोन माणसांपुरता एसएसएचएफएस, म्हणजे एसएसएचच्या सुरक्षित लॉग-इनवरून फोल्डर जोडणारा प्रोग्राम, पुरतो. सर्व्हरवर एसएसएच चालू असेल तर तिथे आणखी काहीच बसवावं लागत नाही:

एसएसएचएफएस सई@भांडार:/एसआरव्ही/प्रकल्प ~/प्रकल्प -ओ रीकनेक्ट

बाहेरून जोडताना भांडारच्या जागी सर्व्हरचा बाहेरचा पत्ता लिहायचा. सई इथे खरोखर सई म्हणूनच लॉग-इन करते, म्हणून तिच्या लॅपटॉपवरचा क्रमांक काहीही असला तरी बिघडत नाही. विंडोजवर विनएफएसपी आणि एसएसएचएफएस-विन हे दोन प्रोग्राम बसवले की मॅप नेटवर्क ड्राइव्हमध्ये \\एसएसएचएफएस\सई@पत्ता असं लिहून सर्व्हरवरचं तिचं होम फोल्डर जोडता येतं. हजारो छोट्या फायलींच्या फोल्डरला ही वाट संथ वाटेल, कागदपत्रं उघडून वाचायला-सुधारायला पुरेशी आहे.

अडलं तर कुठे पाहायचं

'ॲक्सेस डिनाइड बाय सर्व्हर' माउंट करतानाच आलं तर दोष एक्स्पोर्ट्सच्या ओळीत किंवा पोर्टमध्ये: पीसीचा पत्ता त्या नेटवर्कमध्ये बसतो का, मॅक असेल तर इनसिक्युअर आहे का. माउंट होऊन नंतर 'परमिशन डिनाइड' आलं तर दोष आकड्यांमध्ये, तेव्हा आयडी आणि एलएस -एलएन शेजारी ठेवून वाचा. या दोन चुका वेगळ्या आहेत हे ओळखलं की निम्मा शोध तिथेच संपतो.

काहीच उत्तर न येता आज्ञा लटकली तर फायरवॉल. शोमाउंट -ई भांडार ही आज्ञा उपलब्ध फोल्डरांची यादी देते, पण ती जुन्या माउंटडी सेवेवर अवलंबून आहे. फक्त २०४९ उघडा असलेल्या सर्व्हरवर ती अपयशी ठरेल आणि माउंट मात्र व्यवस्थित होईल. तिच्या नकारावरून सर्व्हर बंद आहे असं ठरवू नका.

'स्टेल फाइल हँडल' म्हणजे पीसीने धरून ठेवलेलं फोल्डर सर्व्हरवर पुसलं गेलं, हलवलं गेलं किंवा त्याची डिस्क बदलली. यूमाउंट करून पुन्हा जोडा.

वेगाची तक्रार असेल तर आधी एक मोठी फाइल कॉपी करून पाहा. एक गिगाबिटच्या तारेवर सेकंदाला ११० एमबीच्या आसपास वेग मिळायला हवा. ११ च्या आसपास अडकला असेल तर मध्ये कुठेतरी १०० मेगाबिटचा स्विच किंवा खराब केबल आहे, आणि सेटिंग्जमध्ये हात घालायचं कारण नाही. मोठी फाइल वेगाने जाते पण हजार छोट्या फायली रेंगाळतात, असं असेल तर ते सिंकमुळे: प्रत्येक फाइल सर्व्हरच्या डिस्कवर पक्की लिहिली गेल्यावरच होकार येतो. असिंक केल्याने वेग वाढतो, पण वीज गेली तर पीसीला 'लिहिलं' म्हणून सांगितलेल्या फायली सर्व्हरवर नसतील. सर्व्हरला एसएसडी लावा, किंवा छोट्या फायलींचा गठ्ठा करून एकच फाइल पाठवा आणि सर्व्हरवर तो उलगडा.